खराब प्रिंट

घरात माझ्या बायकोचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज नाही. म्हणजे नातीने मोबाइलवर काढलेले दोन-तीन व्हिडिओ आहेत, पण त्यांत ती तोंड मिटून उभी आहे. मोबाइल समोर धरला की ती शाळेच्या ग्रुप फोटोत उभी राहिल्यासारखी ताठ व्हायची. "आजी, बोल ना काहीतरी," असं नात म्हणते, आणि ही मान हलवते. झालं, संपला व्हिडिओ. अख्ख्या बडोद्याची लग्नं मी कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून कार्डावर उतरवून दिली, आणि माझ्याच घरात माझ्या बायकोचा आवाज नाही.

एके काळी होता. मीच पुसला. ती जाऊन आता अकरा महिने होतील, आणि यातले बरेचसे महिने माझे तो शोधण्यात गेले.

माझी शाळा सातवीत सुटली. आमच्या घराण्यात कोणी शिकलेलं नाही. पणजोबा संस्थानच्या पलटणीत होते, आजोबाही, वडील गिरणीत लागले. मी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकलो आणि खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत एका जिन्याखाली बसलो. त्याला दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं. आधी कॅसेटी भरून द्यायचो, मग सीडी, मग मोबाइलची मेमरी कार्डं. नखाएवढं कार्ड. लोक भाजीला जाताना कार्ड माझ्यापुढे टाकायचे आणि भाजी घेऊन परत येताना भरलेलं कार्ड घेऊन जायचे. मोबाइलवर नेट महाग होतं तेव्हाची गोष्ट आहे ही. गाणी, भजनं, हिंदी पिक्चर, जे मागाल ते. सगळा माल चोरीचा. इंटरनेटवरून उतरवायचा आणि वाटायचा. कॉम्प्युटरसुद्धा चोरीच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. मधूनच पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात पाटी यायची, की तुमची प्रत खरी नाही. मी तो बंद करून पुन्हा चालू करायचो. आता कोणी म्हणतात, काका, तेव्हा सगळेच करत होते. करत होते. म्हणून ती चोरी नव्हती असं मी म्हणणार नाही.

बडोद्यात मराठी माणूस भरपूर, पण थेटरात मराठी पिक्चर क्वचित. इथल्या मराठी मंडळातले एक साहेब होते, सरकारी खात्यातून रिटायर झालेले, चांगल्या शिकलेल्या घरातले. ते स्वतः मुंबईला खेपा घालून पिक्चर आणायचे आणि रविवारी सकाळचं थेटर भाड्याने घ्यायचे. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत नव्हतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी एक विनोदी पिक्चर आणला. मुंबई-पुण्यात त्याचा बोलबाला होता, आणि इंटरनेटवर अजून कोणी चढवला नव्हता. गिऱ्हाईक रोज विचारायचं. गुजराती गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, "काका, पेलुं मराठी आव्युं के नहीं?" म्हणून मी ठरवलं, थेटरात जाऊन आपणच शूटिंग करायचं. कोणीतरी दुरुस्तीला टाकून पुन्हा न्यायला न आलेला एक छोटा कॅमेरा माझ्याकडे पडून होता.

एकटा माणूस पिशवी घेऊन आत गेला तर दारावरचा माणूस पिशवी बघतो. बायको बरोबर असेल आणि पिशवीत चिवड्याचा डबा असेल तर बघत नाही. मी बायकोला म्हटलं, "रविवारी पिक्चरला जाऊ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली होती, आणि मी तिला थेटरात कधी नेलं होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. तिने आदल्या दिवशी साडीला इस्त्री करून आणली. शेजारणीला सांगितलं, समोरचीला सांगितलं. रविवारी स्कूटरवर निम्म्या वाटेत मी तिला सांगितलं, की डब्याखाली कॅमेरा आहे.

 सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी डबा धरायला."

"असं काही नाही."

"मग कसं आहे?"

सिग्नल सुटला. मी स्कूटर पुढे काढली.

थेटर जुनं होतं. सगळी रांग एकाच पट्टीवर जोडलेली. एक जण बसला की शेवटचा हलायचा. दोघांच्या मध्ये हात ठेवायला एकच दांडी. मी कॅमेरा मफलरात गुंडाळून छातीशी धरला आणि कोपर त्या दांडीवर टेकवलं. तिचंही कोपर तिथेच होतं. पिक्चर सुरू झाला आणि पाच मिनिटांत ती हसायला लागली.

तिचं हसणं सांगतो. सायकलच्या पंपासारखं होतं. आधी आवाज नाहीच, नुसती हवा आत जायची, हवा बाहेर यायची, खांदे वरखाली व्हायचे, आणि मग एकदम सुटायचं. सुटलं की चार रांगा वळून बघायच्या. घरात ती असं हसायची नाही. घरी सासू होती, नंतर सासू गेली तरी सवय राहिली. अंधारात बसल्यावर सुटली बिचारी. त्या दिवशी ती हसली की तिच्यामागून थेटर हसत होतं, आणि मी मनात शिव्या देत होतो, की माझं रेकॉर्डिंग चाललंय आणि माइकच्या शेजारी ही खिदळतेय.

मध्यंतराच्या थोडं आधी मी तिला दटावलं. त्यानंतर ती हसली नाही. मध्यंतरात चिवड्याचा डबा तिने उघडलाच नाही. दुसरा अर्धा भाग संपेपर्यंत शेजारून आवाज नाही. घरी जातानाही नाही. ती रुसली, असं मी समजलो, आणि मला वाटलं, रुसू दे, प्रिंट तर वाचली.

प्रिंट काही वाचली नव्हती. एका खांबाने पडद्याचा कोपरा खाल्ला होता. पहिल्या अर्ध्या भागात बाई हसते आणि दुसऱ्या अर्ध्या भागात चित्र हलतं, अशा दोन तक्रारी पहिल्याच आठवड्यात सुरू झाल्या. "काका, आ कोण हसे छे?" असं पोरंटोरं विचारायची. मी सांगायचो, होगी कोई. हलण्याबद्दल सांगायचो, दीड तास हात एकाच जागी धरून बघा, तुमचाही दुखेल. तरी कार्डं धडाधड गेली. पुढच्या रविवारचा खेळ बुडाला. थेटर रिकामं होतं असं मी ऐकलं.

मग एक दिवस एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ जिन्याखाली वाकून आत आले. "तो मराठी पिक्चर आहे का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "आहे ना साहेब. जरा हलतो, पण आवाज चांगलाय."

त्यांनी नवं कार्ड घेतलं, पिक्चर भरून घेतला, कार्ड पाकिटात घातलं. मग म्हणाले, "तो मी आणला होता. हे कार्ड मी पुरावा म्हणून नेतोय."

आठ दिवस मी शटर अर्धंच उघडत होतो. पोलीस आले नाहीत. साहेबही पुन्हा आले नाहीत. त्यांनी पिक्चर आणणंही बंद केलं. बायको म्हणाली, "छान केलंत. आता न्यायचं म्हटलं तरी कुठे नेणार?" तिचं खरं होतं. तो आमचा थेटरातला शेवटचा पिक्चर ठरला.

महिन्याभरात इंटरनेटवर चकाचक प्रिंट आली. कोणीतरी मुंबईचा बहाद्दर. मी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: क्लिअर प्रिंट आली, जुनी फुकट बदलून मिळेल. धंद्यात मी शब्दाचा पक्का होतो. चोरीच्या मालातसुद्धा गिऱ्हाईकाला खराब माल द्यायचा नाही, हा माझा कायदा. एकेक कार्ड परत आलं, एकेक मी पुसलं आणि नवं भरलं. कॉम्प्युटरवर जागा कमी पडत होती म्हणून मूळ शूटिंगही उडवलं. कॅमेऱ्यातलंही. बायकोला मी मोठ्या आनंदाने सांगितलं, "आता तुझ्या हसण्याची तक्रार संपली."

"सगळं पुसलंत?"

"सगळं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

ती गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात हे सगळं मला आठवलं. दुपारी एकटाच जेवत होतो. समोरच्या घरात कोणीतरी मोठ्याने हसलं. माझा घास तसाच हातात राहिला.

जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता. उतरवला. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने चार दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, काका, यावर तुम्ही नंतर इतक्या वेळा भरलंय, खाली काही शिल्लक नाही. मग मी जुन्या गिऱ्हाइकांकडे निघालो. मार्केटातली लिंबूवाली, घड्याळवाला, समा भागातल्या सोसायटीत राहणाऱ्या शाळेच्या बाई. शाळेच्या बाईंनी अख्खा डबा काढून दिला कार्डांचा. मी त्यांच्या सोफ्यावर बसून एकेक बघितलं. सगळीकडे माझीच क्लिअर प्रिंट. बाई म्हणाल्या, "तुम्हीच तर बदलून दिली होती. केवढे प्रामाणिक तुम्ही!"

पुण्याहून मुलीने नेटवर शोधलं. चोरीच्या साइटी कितीतरी बंद झालेल्या, ज्या चालू त्यांवर चांगलीच प्रिंट. ती म्हणाली, "बाबा, तो पिक्चर आता रीतसर बघता येतो. मी तुमच्या टीव्हीवर लावून देते." तिने तिथूनच काहीतरी करून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हक्काने पिक्चर बघितला. खांब नाही, डोकी नाहीत, रंग असे की डोळ्यांत भरतात. एकेक विनोद येत होता आणि जात होता. कोणी हसत नव्हतं. मी अर्ध्यात बंद केला.

मग एक दिवस कपड्यांच्या घड्या घालताना डोक्यात आलं. सगळ्यांनी कार्ड बदलून नेलं. एक माणूस बदलायला आला नव्हता.

मंडळात विचारून पत्ता मिळवला. साहेब सुभानपुऱ्याला मुलाकडे राहतात. दोन वेळा मी त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांची सून बाहेर तुळशीला पाणी घालत होती, तिने विचारलं, "कोण पाहिजे काका?" मग पळता येईना.

"पप्पा, कोणी काका आव्या छे... आलेत," असं ती आत म्हणाली.

साहेब आता पुरते वाकलेत. खुर्चीत बसून होते. त्यांनी मला ओळखायला वेळ घेतला. मी म्हटलं, "मार्केटमागे जिन्याखाली माझं दुकान होतं. मेमरी कार्डाचं."

"अच्छा!" त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "पिक्चर परत करायला आलात?"

"नाही साहेब. मागायला आलोय."

"पुन्हा?"

"हो."

"तेव्हा न विचारता नेलात. आता विचारून नेताय. प्रगती आहे. बसा."

मी बसलो. मला गोल गोल बोलता येत नाही. मी सांगितलं, की त्या प्रिंटमध्ये जी बाई हसते ती माझी बायको आहे, ती आता नाही, आणि बाकी सगळं मी पुसलंय. तुमच्याकडचं कार्ड असेल तर एकदा ऐकू द्या. नसेल तर तसं सांगा, मी जातो.

 सून चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"ती तुमची बायको?" साहेब म्हणाले. "मी बारा-तेरा वर्षं विचार करतोय, कोण ही बाई."

मग त्यांनी सांगितलं. त्या रविवारी ते आत बसलेच नव्हते. बाहेर तिकिटाच्या खिडकीशी उभे होते, थेटरवाल्याशी कटकट चालली होती. पिक्चर लोकांना आवडला की नाही, हे त्यांना बघताच आलं नाही. पोलिसांकडे द्यायचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. पुरावा एकदा तपासावा म्हणून कार्ड लावलं, आणि आत लोक हसत होते.

"अर्ज बाजूला राहिला," ते म्हणाले. "तुमच्यावर दया आली म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवा. तुम्ही माझं वाटोळंच केलंत."

"केलं साहेब."

"मग नुसते हो म्हणू नका. चहा घ्या."

सुनेने कपाटातून एक फाईल काढली. मंडळाचे कागद, अहवाल, आणि एका पाकिटात तो अर्ज आणि कार्ड. तिने कार्ड लॅपटॉपला लावलं. काही दिसेना. पुन्हा लावलं, तरी नाही. "खराब थई गयुं लागे छे," ती म्हणाली. मी म्हटलं, "बेटा, घरात खोडरबर आहे?" तिने मुलाच्या कंपासमधलं आणून दिलं. कार्डाच्या मागच्या पिवळ्या पट्ट्या मी हळूहळू घासल्या. जन्मभर हेच केलं. फुंकर मारली, धोतराच्या... नाही, लेंग्याच्या कडेने पुसलं, आणि दिलं. लागलं.

खांब दिसला. डोकी दिसली. खोकल्याचा आवाज. मग माझ्या डाव्या कानाशी हवा आत गेली, हवा बाहेर आली, आणि सुटलं.

साहेबही हसले. त्यांना पाठ होतं, कुठे हसायचं ते. मी हसलो नाही आणि रडलोही नाही. मी लॅपटॉपची कड धरून बसलो होतो, जसा काही तो पळून जाणार आहे. पाऊण तास ती हसली. मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळा हसली. आणि मग एका पुरुषाचा आवाज आला, अगदी माइकपाशी, घोगरा:

"गप्प बस गं! लोळायला आणलंय का तुला इथे? अजिबात आवाज नको."

सुनेने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला माझं दटावणं आठवत होतं, शब्द आठवत नव्हते. "जरा हळू" असं काहीतरी म्हणालो असेन, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"हे तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"मीच."

"त्यानंतर ती बाई हसत नाही," ते म्हणाले. "बाकीचे हसतात, पण लांबून. मला वाटायचं, दुसरा अर्धा भाग तिला आवडला नाही. पुढे बघायचंय?"

मी नको म्हणणार होतो. मग म्हटलं, राहू दे चालू.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. शेजारी शांत. लांबून लोक हसत होते. एका ठिकाणी पिक्चरमधला सासरा दाराआड लपतो आणि दारच निखळून हातात येतं, तिथे थेटर खदखदून हसलं आणि चित्र हललं. मी मनात म्हटलं, हात दुखला. पुढे चांगली पाच-सात मिनिटं चित्र स्थिर. दगडासारखं स्थिर. मग पुन्हा एक विनोद आला, आणि पुन्हा हललं. वरखाली, वरखाली, बारीक.

मी सुनेला म्हटलं, "बेटा, जरा मागे घे."

तिने घेतलं. दार निखळलं, चित्र हललं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा मी पडदा बघितलाच नाही. डोळे मिटून नुसतं कोपर खुर्चीच्या हातावर ठेवलं. लांबून लोक हसले. शेजारी एक अक्षर नाही. पदर तोंडात कोंबला असणार तिने. घरात सासूसमोर कोंबायची तसा; मग आवाज कोंडायचा आणि अंग गदगदा हलायचं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"दांडी एकच होती साहेब," मी म्हटलं. "दोघांमध्ये."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी स्वतःच पुढे वाकून पिक्चर मागे घेतला आणि दार निखळेपर्यंत पुन्हा बघितला. या वेळी ते हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे आवडला होता."

निघताना त्यांनी विचारलं, "कॉपी करून घेता? तुम्हाला येतच असेल." हा टोमणा होता, पण बारीक. मी पेनड्राइव्ह नेला होता. परवानगीने केलेली ती माझी पहिली कॉपी. कार्ड मी त्यांच्या पाकिटात ठेवलं आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

आता दुपारचं जेवण झालं की मी टीव्हीला पेनड्राइव्ह लावतो. पहिला अर्धा भाग रोज लावत नाही. तिचं हसणं त्यात आहे, पण शेवटी माझा आवाजही आहे, आणि तो कापून टाकायची कला मला येत असूनही मी तो कापलेला नाही. दुसरा अर्धा भाग लावतो. दोन खुर्च्या शेजारी ओढून घेतो. चित्र हललं की मला कळतं, ही आता हसली.

माझा हात त्या दिवशी दुखलाच नव्हता.